पाड्याची बातमी ही जमिनीचीच बातमी

मागच्या महिन्याच्या बैठकीत आपल्या पत्रिकेवर चर्चा झाली. स्टेन्सिल, शाई, कागद सगळं महाग झालंय. वनहक्क कायद्याचे नियम जानेवारी २००८ मध्ये आले. दाव्याचा फॉर्म कसा भरायचा, पुरावे काय लावायचे, गावाची वनहक्क समिती कशी निवडायची, हे सगळं लोकांपर्यंत पोचवायला आहेत ती पानं पुरत नाहीत. म्हणून काही साथींनी सुचवलं की शेवटचं पान, म्हणजे 'पाड्यांची खबर', बंद करावं. कुणाचं लग्न झालं, कुठला हातपंप बिघडला, गुरुजी किती दिवस आले नाहीत, याला जमिनीच्या लढ्याच्या पत्रिकेत जागा कशाला, असं त्यांचं म्हणणं. निर्णय पुढच्या बैठकीत होणार आहे.

हे साथी माझ्यापेक्षा जुने आहेत. जेलमध्ये जाऊन आलेले आहेत. त्यांचा मान ठेवून सांगते, हे पान बंद करू नये. लग्न, हातपंप, शाळा या बातम्या जमिनीच्या बातम्यांपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असं माझं मत आहे. उदाहरण मात्र मी आपल्या तालुक्यातलं देणार नाही. ते दिलं की चर्चा 'तुझा पाडा, माझा पाडा' अशी सुरू होते. लांबचं देते, स्कॉटलंडचं. उन्हाळ्याच्या अभ्यास शिबिरात एक दिवस आपण तिथल्या जमिनीच्या लढ्यावर बोललो होतो. त्यानंतर मिळेल ते मी वाचत गेले.

स्कॉटलंड इंग्लंडच्या उत्तरेला आहे. त्याचा वरचा डोंगराळ भाग म्हणजे हायलँड, आणि पश्चिमेला समुद्रात बेटंच बेटं. तुम्ही म्हणाल, ते गोरे लोक, आपल्यावर राज्य केलेले, त्यांचं काय ऐकायचं? बरोबर आहे, तिथले कितीतरी साहेब इकडे आले आणि गबर होऊन गेले. पण त्याच देशातल्या डोंगरातली गरीब माणसं स्वतःच्या जमिनीवरून हाकलली गेली. त्यांची बोली वेगळी, गेलिक नावाची. जमीन आपल्या कुळाची, असंच ती माणसं समजत होती. मग कुळाचे सरदार कागदावर मालक झाले, आणि मालकांना माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटायला लागल्या. अठराव्या शतकाच्या शेवटापासून पुढं शंभर वर्षं गावंच्या गावं रिकामी केली. लोकांना जहाजात बसवून कॅनडाला पाठवलं, नाहीतर समुद्राच्या काठच्या खडकाळ पट्ट्यावर ढकललं. मेंढ्यांनंतर शिकारीसाठी हरणं आली. आपल्याकडे जंगल राखीव झालं तेव्हा जे झालं, त्याचाच हा भाऊ.

आता लग्नाच्या बातमीवर येते.

स्काय या मोठ्या बेटाच्या शेजारी रासे नावाचं लहान बेट आहे. १८४० नंतर ते जॉर्ज रेनी नावाच्या माणसानं विकत घेतलं. त्याचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मळ्यांतून आलेला. त्यानं रासेवरची गावं उठवली, मेंढ्या आणल्या, आणि उरलेल्या लोकांना नियम लावला, बेटावर कुणी लग्न करायचं नाही! कशापायी? तर लग्न झालं की नवं जोडपं नवं घर बांधणार, नवी जमीन मागणार. जमीन मेंढ्यांना हवी होती, म्हणून लग्नच बंद.

ही गोष्ट आज आपल्याला कळते ती कशी? मालकाच्या दप्तरातून नाही. स्कायवर ब्रेज इथल्या शेतकऱ्यांचा चराईचा डोंगर मालकानं आधीच काढून घेतला होता. लोकांनी खंड द्यायचं बंद केलं, १८८२ साली कोर्टाचे कागद जाळून टाकले. त्यांना पकडायला ग्लासगो शहरातून ५० पोलीस आणले, तर बायकांनी पुढं होऊन दगड मारले. गाजावाजा झाला आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. नेपियर आयोग त्याचं नाव. १८८३ साली आयोग गावोगाव फिरला. ६१ ठिकाणी बसून ७७५ माणसांचं बोलणं लिहून घेतलं, पहिली बैठक ब्रेजलाच. रासेवरही आयोग गेला. तिथल्या माणसांनी आपल्या तोंडानं सांगितलं, आमच्याकडे लग्नाला बंदी होती, एकानं लग्न केलं तर त्याला घर सोडून जावं लागलं. ते छापलं गेलं आणि पुरावा झालं.

साथींनो, आपल्या वनहक्क नियमांतही पुराव्याच्या यादीत गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब आहे. १३ नंबरचा नियम बघा. म्हणजे कोण कधी कुठून आलं, कुणाचं लग्न कुठल्या खळ्यावर झालं, कुणाला कुठं पुरलं, गावदेव कुठं बसवला, हे आजी-बाबांना माहीत असलेलं सगळं आता कायद्याच्या कामाचं आहे. आपण त्याला 'काहीतरी घरगुती' म्हणून पत्रिकेतून काढायला निघालोय.

आयोगानंतर १८८६ साली कायदा आला. तिथल्या लहान शेतकऱ्याला क्रॉफ्टर म्हणतात. एक घर, थोडी शेती आणि गावाच्या सामाईक माळावर गुरं-मेंढ्या चारायचा हक्क, याचं नाव क्रॉफ्ट. कायद्यानं क्रॉफ्टरला हाकलायला बंदी केली, खंड वाजवी ठरवायला माणसं नेमली, वारसालाही हक्क दिला. पण मालक मालकच राहिला आणि हिसकावलेली जुनी गावं परत मिळाली नाहीत. म्हणून पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या जवानांनी १९२१ साली रासेच्या रिकाम्या जमिनीवर जाऊन वस्ती केली. आपल्या भाषेत अतिक्रमण. त्यांना जेलमध्ये टाकलं. पण पुढच्याच वर्षी सरकारला ते बेट विकत घ्यावं लागलं आणि त्यांना जमीन द्यावी लागली.

आता रस्त्याची बातमी. त्याच रासेच्या उत्तर टोकाला आर्निश नावाची वस्ती. तिथं जायला नुसती पायवाट. लोक कित्येक वर्षं अर्ज करत राहिले, रस्ता झाला नाही. शेवटी कॅलम मॅक्लाउड नावाच्या माणसानं कुदळ, फावडं आणि एकचाकी गाडी घेतली आणि एकट्यानं रस्ता करायला सुरुवात केली. पावणेदोन मैल. दहा वर्षं लागली. रस्ता झाला, पण तोपर्यंत वस्तीत तो आणि त्याची बायको एवढीच उरली होती. बाकीची घरं उठून गेली. डांबर तर त्याच्याही नंतर आलं. कॅलमचं कौतुक सगळे करतात, आज त्याच्या नावाचा फलकही तिथं आहे. मी मात्र वेगळं बघते. वस्ती रिकामी करायला मेंढ्या आणि पोलीसच लागतात असं नाही. रस्ता दिला नाही, शाळा दिली नाही, बोट दिली नाही, तरी वस्ती रिकामी होते. आणि रिकाम्या जमिनीवर दावा करायला माणूस उरत नाही. म्हणून 'अमुक पाड्याला रस्ता नाही' ही बातमी जमिनीची बातमी आहे.

तिथल्या लोकांना हे कळलं, आणि ते पेपरात यायला लागलं. १९७२ साली स्काय बेटावर चार तरुणांनी एक साप्ताहिक काढलं, 'वेस्ट हायलँड फ्री प्रेस'. त्याच्या माथ्यावर गेलिक भाषेत तीन गोष्टी छापतात: जमीन, भाषा, माणसं. हे शब्द त्यांनी शंभर वर्षं जुन्या जमीन-लढ्यातून उचलले. पेपरात बाकीच्या गावच्या पेपरसारखंच सगळं असतं. कोण वारलं, बोट कधी सुटणार, शाळेत मुलं किती, गावच्या सभागृहात नाचगाणं कधी, मेंढ्यांचा बाजारभाव काय. पण त्याच पानांवर ही जमीन कुणाची, मालक राहतो कुठं, त्यानं काय अडवलंय, हेही नाव घेऊन छापायला लागले.

रासेची बोट हे त्याचं चांगलं उदाहरण. बेटावर मोटारी नेणारी फेरीबोट हवी होती. त्यासाठी धक्का बांधायचा, धक्क्याला जमिनीचा लहानसा तुकडा हवा. तो तुकडा होता इंग्लंडात राहणाऱ्या एका डॉक्टरच्या मालकीचा. सरकारनंच आधी बेटावरची मोठी मालमत्ता त्याला विकली होती. तो जमीन देईना. बेट वर्षानुवर्षं थांबलं. आता सांगा, 'बोट नाही' ही वाहतुकीची बातमी की जमिनीची? फ्री प्रेसनं ती जमिनीची म्हणून छापली, आणि दर वेळी छापली. १९७६ साली फेरी सुरू झाली. एकट्या पेपरमुळे झाली असं मी म्हणत नाही. पण 'सरकारी कामाला उशीर होतोच' असं म्हणून लोक गप्प बसायचे, ते बंद झालं. अडवणारा कोण ते सगळ्यांना कळलं.

आता एग बेट. हे लहान, नऊ किलोमीटर लांब आणि पाच रुंद. मधे उंच काळा कडा आहे, आपल्या सह्याद्रीच्या सुळक्यासारखा. इथलं ग्रुलिन नावाचं गाव १८५३ साली उठवलं, १४ कुटुंबं गेली. अजून तिथं घरांची जोती दिसतात. १९७५ ला बेट एका धनिकानं घेतलं, १९९५ ला त्यानं ते एका जर्मन चित्रकाराला विकलं. बेट विकलं, म्हणजे त्यावरची माणसं, शाळा, दुकान सगळ्यांचा मालक बदलला, आणि माणसांना कुणी विचारलं नाही. राहणाऱ्या बहुतेकांकडे घराचा पक्का करार नव्हता. करार नाही म्हणून घरदुरुस्तीचं सरकारी अनुदान नाही. अनुदान नाही म्हणून छत गळतंय. आपल्या एकसाली प्लॉटवाल्यांना हे समजावून सांगायला नको.

१९९४ साली मालकाची जुनी किमती मोटार शेडमध्ये जळाली. कुणी जाळली ते कळलं नाही. बाहेरचे पेपरवाले मोटारीची बातमी घ्यायला धावले. गळणारी छतं त्याच्या आधीपासून गळत होती, त्यासाठी कुणी धावलं नव्हतं. बाहेरचा पेपर असाच असतो. आपल्याकडेही मोर्चात दगड पडला तर पहिल्या पानावर, आणि पाड्यातलं पोर तापानं गेलं तर कुठंच नाही.

एगच्या लोकांनी आपली रहिवाशांची संघटना धरून ठेवली. सभा घेतल्या, पत्रं लिहिली, जगभरातून वर्गणी मागितली. सुमारे दहा हजार माणसांनी पैसे पाठवले, एका बाईनं नाव न सांगता फार मोठी रक्कम दिली. १२ जून १९९७ ला साधारण १५ लाख पौंडांना बेट लोकांच्या ट्रस्टकडे आलं. ट्रस्टमध्ये रहिवासी, त्या भागाची कौन्सिल आणि निसर्ग राखणारी एक संस्था. तेव्हा बेटावर माणसं ६५ च्या आसपास. आपल्या एखाद्या लहान पाड्याएवढी! त्याच्या आधी, १९९३ साली, अ‍ॅसिंट इथल्या १३ वस्त्यांच्या क्रॉफ्टरांनी २१,००० एकर मिळवली होती.

मग एगच्या लोकांनी काय केलं? आधी घरांचे करार केले. दुसऱ्याच वर्षी धक्क्यावर एक इमारत बांधली, त्यात दुकान, पोस्ट, चहाची जागा. बोटीची वाट बघायला निवारा झाला. २००४ ला मोठी बोट लागेल असा धक्का झाला. तोपर्यंत समुद्रातच मोठ्या बोटीतून लहान बोटीत उतरावं लागायचं, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा. आणि १ फेब्रुवारी २००८ ला बेटाची स्वतःची वीज सुरू झाली. देशाची तार तिथं कधी पोचलीच नव्हती, घराघरात डिझेलचं जनरेटर धडधडायचं. आता ओढ्याच्या पाण्यावर, वाऱ्यावर आणि उन्हावर वीज करतात, आणि सगळ्यांनी मिळून मर्यादा ठरवली आहे: घराला एका वेळी पाच किलोवॅट, धंद्याला दहा. श्रीमंत असला तरी त्याला जास्त नाही. आपल्या जिल्ह्यातल्या धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि धरणाशेजारच्या बाया उन्हाळ्यात डबक्यावर जातात. तिथं ओढा कुणाचा याचा निकाल आधी लागला, म्हणून दिवा लागला.

मालक गेला म्हणून सगळं गोड झालं असं नाही. नवं घर कुणाला द्यायचं, कामाचे पैसे कुणाला, अशा गोष्टी आता मालकावर ढकलता येत नाहीत. सभेत बसून आपापसातच सोडवाव्या लागतात. त्यासाठी एकमेकांची खबर असावी लागते. ज्या गावात कुणाचं काय चाललंय ते फक्त कुजबुजीतून कळतं, त्या गावाची सभा भांडणात मोडते.

एक फरक स्पष्ट सांगते, नाहीतर गैरसमज होईल. त्यांनी जमीन विकत घेतली. आपण घ्यायची नाही. जी आपलीच होती तिची किंमत कशाला द्यायची? तिथंही पुष्कळ जण हेच म्हणतात. २००३ साली त्यांच्या पार्लमेंटनं कायदा केला. मालक जमीन विकायला काढेल तेव्हा गावाला पहिला हक्क, आणि क्रॉफ्टरांच्या वस्तीला तर मालकाची इच्छा नसली तरी घेता येते, पण पैसे मोजूनच. आपला वनहक्क कायदा या बाबतीत पुढं आहे. तो म्हणतो, अन्याय झाला होता, हक्क मान्य करा. पण दोन्ही कायद्यांत एक गोष्ट सारखीच आहे. काम एकट्या माणसाचं नाही, वस्तीचं आहे. तिथं गावाला नकाशा, सह्या देऊन नोंद करावी लागते, आणि जमीन घेण्याआधी मतदान करावं लागतं. इथं ग्रामसभेला ठराव करावा लागतो. प्लॉटाचा दावा एकट्यानं भरता येईल. पण सामूहिक हक्काचा दावा, म्हणजे चराई, मोह, तेंदू, पाणी, जंगल राखायचा हक्क, हा पाडा एक असल्याशिवाय टिकणार नाही. फॉरेस्टवाला येऊन विचारणार, तुमचा पाडा गुरं कुठं नेतो? चार जणांनी चार उत्तरं दिली की दावा गेला.

म्हणून कायद्याची माहिती पहिल्या पानांवर हवीच, त्याला माझी ना नाही. पण ती माहिती वाचून लोक फॉर्म भरतील. आपण एक गाव आहोत, हे फॉर्ममधून समजत नाही. ते शेवटच्या पानावरून समजतं. आणि खरं सांगायचं तर आमच्या पाड्यात पत्रिका आली की बाया आधी मागचं पान वाचून दाखव म्हणतात. मागचं ऐकताना पुढचंही ऐकतात.

खर्चाचा प्रश्न आहे, तो मी टाळत नाही. माझ्या सूचना अशा:

१. पान पूर्ण नको, अर्धं करा. पण दर अंकात पाहिजेच.

२. बातमी चार ओळींत लिहावी. पाडा कुठला, तारीख काय, काय झालं, आणि कुणामुळे अडलं. 'हातपंप बंद आहे' एवढं पुरे नाही. किती दिवस बंद, अर्ज कुणाला दिला, जागा कुणाच्या ताब्यातली, हे लिहा.

३. दर अंकात एका म्हाताऱ्या माणसाचं बोलणं छापावं, आपल्या बोलीतच. आपला पाडा कुठून आला, जुनी वस्ती कुठं होती, गुरं कुठं चरायची. लिहून झालं की त्यांना वाचून दाखवावं, अंगठा घ्यावा, एक प्रत वनहक्क समितीच्या फाइलला लावावी. ही माणसं पिकली पानं आहेत, पुढच्या पावसाची वाट बघू नका.

४. लग्न, जन्म, मरण हे एका ओळीत, पण तारखेसह. रासेच्या मालकाला लग्नाची भीती का वाटली ते आठवा.

५. बारावीपर्यंत शिकलेली पोरं आता पुष्कळ पाड्यांत आहेत. एका पाड्याला एक पोरगा किंवा पोरगी नेमावी. स्टेन्सिल कापायला मी स्वतः दर महिन्याला दोन दिवस देईन.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं आपलं मत ठरवून यावं. विरोध असेल तर तोही लिहून पाठवा, तो छापला पाहिजे असं मी संपादक साथींना सांगितलं आहे.

जिंदाबाद!

— एक कार्यकर्ती